‘बनगरवाडी’तील शाळा : स्थानिक शाळा-व्यवस्थापनाच्या अंगाने एक विचार

१

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्यासंबंधी जे लेखन झाले त्याचा रोख बहुधा तीन गोष्टींवर राहिला आहे : माणदेशाच्या रुक्ष भूमीचे प्रत्ययकारी चित्रण, निवेदनातील संयम, आणि एखाद्या व्यक्तीऐवजी सबंध गावालाच मिळालेले नायकपद. हे तिन्ही विशेष खरे आहेत व त्यांबद्दल येथे वाद घालावयाचा नाही. परंतु या चर्चेत एक अगदी साधी वस्तुस्थिती मागे पडली. ‘बनगरवाडी’ ही एका शाळेचीही कथा आहे. शाळेवर नेमणूक झालेला एक तरुण मास्तर वाडीकडे चालू लागतो तेथे ती सुरू होते, आणि शाळेत बसावयास मुलेच उरत नाहीत तेथे ती संपते. कादंबरीचा आरंभ आणि शेवट या दोन्ही टोकांना शाळाच आहे.

शाळेकडे समीक्षकांनी सामान्यतः एक निमित्त म्हणून पाहिले आहे. परक्या निवेदकाला धनगरांच्या वस्तीत आणून सोडावयाचे, त्याच्या डोळ्यांनी ती वस्ती वाचकाला दाखवावयाची, आणि यासाठी मास्तरकीचा उपयोग करावयाचा, अशी ही समजूत आहे. ती सर्वस्वी चुकीची नव्हे. पण अपुरी आहे. मास्तरांऐवजी तलाठी किंवा देवीचा डॉक्टर वाडीत आला असता तर हीच कादंबरी झाली असती काय? झाली नसती. तलाठ्याला गावाकडून वसूल करावयाचे असते. डॉक्टरला आपले काम उरकून परत जावयाचे असते. मास्तरांना मात्र गावाकडून रोज काहीतरी मागावे लागते, आणि ते गावाने आपण होऊन द्यावे लागते. ते म्हणजे गावाची मुले. हे मागणे आणि देणे यांतूनच कादंबरीचे सारे संबंध निर्माण होतात.

प्रस्तुत लेखात कादंबरीकडे या बाजूने पाहावयाचे आहे. गावची सार्वजनिक शाळा खरोखर कोणाच्या बळावर चालते, आणि संकट आले म्हणजे ती का मोडते, हा प्रश्न ‘बनगरवाडी’ने विचारलेला आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे राज्यातील शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग भरण्यास डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. ज्या मुलाने त्या काळात पहिलीत नाव घातले त्याचे अक्षरओळखीचे सबंध वर्ष शाळेच्या बंद दाराबाहेर गेले. म्हणून हा प्रश्न आज केवळ वाङ्मयीन राहिलेला नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कादंबरी हा अहवाल नव्हे, आणि ललितकृतीला पुरावा म्हणून वापरणाऱ्याने आपल्या मर्यादा ओळखाव्यात हे रास्तच आहे. तथापि अहवालात जे सापडत नाही ते कादंबरीत सापडते, हेही तितकेच खरे. अहवालात पट असतो, हजेरी असते, खोल्यांची संख्या असते. मूल शाळेत आले ते कोणाच्या शब्दाखातर, आणि आले नाही ते कोणत्या अडचणीमुळे, हे मात्र त्यात नसते. शाळेच्या व्यवस्थापनाचे मर्म नेमके याच ठिकाणी आहे.

२

मास्तर वाडीत येतात तेव्हा त्यांच्यापाशी नेमणुकीचा हुकूम आहे, पण शाळेत मुले नाहीत. वाडीचा धंदा मेंढपाळीचा. मेंढरामागे जावयास माणूस लागते, आणि ज्या वयात मूल शाळेत यावे असे सरकार म्हणते, त्याच वयात ते कोकरे राखण्याच्या उपयोगी पडू लागते. म्हणजे शाळा आणि मेंढरे यांच्यात एकाच मुलाच्या दिवसावरून स्पर्धा आहे. वाडीतील माणसे विद्येची वैरी आहेत असे माडगूळकर कोठेही सुचवीत नाहीत. त्यांच्या हिशेबात शाळेचा दिवस बसत नाही, एवढेच ते दाखवितात. हा फरक फार महत्त्वाचा आहे. पहिल्या निदानावर उपदेश हा उपाय ठरतो. दुसऱ्या निदानावर व्यवस्था बदलणे हा उपाय ठरतो.

या अडचणीतून मार्ग निघतो तो कारभाऱ्यामुळे. कारभारी म्हणजे वाडीचा म्होरक्या. त्याच्यापाशी शाळाखात्याचे कसलेही पद नाही. शाळेच्या कोणत्याही कागदावर त्याची सही लागत नाही. परंतु त्याने मनावर घेतल्यावाचून एकही मूल शाळेत येणार नाही, हे मास्तरांना पहिल्या काही दिवसांतच उमजते. येथे कादंबरीकाराने दोन प्रकारची सत्ता समोरासमोर उभी केली आहे. मास्तरांपाशी अधिकार आहे, पण वजन नाही. कारभाऱ्यापाशी वजन आहे, पण अधिकार नाही. शाळा चालू होते ती या दोहोंची गाठ पडते तेव्हाच. मूळ हुकूम राजधानीतून निघालेला असतो. तो अंमलात येतो तो वाडीच्या म्होरक्याच्या शब्दाने.

स्थानिक शाळा-व्यवस्थापन या शब्दप्रयोगाला आपल्या शासकीय लेखनात जो अर्थ आहे त्याहून हा अर्थ वेगळा आहे. शासकीय अर्थाने व्यवस्थापन म्हणजे वरून आलेल्या सूचनांची खाली केलेली अंमलबजावणी. कादंबरीत दिसणारे व्यवस्थापन म्हणजे गावाच्या जगण्यात शाळेसाठी जागा काढणे. ही जागा हुकमाने निघत नाही. ती बोलण्याने, ओळखीने, एकमेकांच्या अडचणी जाणण्याने निघते, आणि जिने ती काढली ती व्यक्ती गेली की पुन्हा बुजते.

मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाणेही बरोबर होणार नाही. मध्यंतरी गैरसमजाने कारभारी आणि मास्तर यांच्यात अंतर पडते, आणि त्याबरोबर मास्तरांच्या पायांखालची भूमीच हलल्यासारखी होते. शाळेचे बरेवाईट एका वृद्धाच्या मनातील किंतूवर अवलंबून असावे, हे काही आदर्श व्यवस्थापन नव्हे. गावाची संमती आणि गावातील बलवानाची मर्जी या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या करणे हे कायद्याचे काम आहे. ते कादंबरीतल्या वाडीत कोणी केलेले नाही. कोणी करावयाचे, हेच तेथे ठरलेले नाही.

३

शाळा सुरू झाल्यावर मास्तरांचे काम वाढत जाते. पत्रे लिहिणे, बाजारगावाहून जिन्नस आणून देणे, भांडणात मध्यस्थी करणे, कोणाची अडलेली कामे मार्गी लावणे, अशी नाना कामे त्यांच्याकडे येतात. समीक्षेत या भागाचे कौतुक ‘मास्तर गावाशी एकरूप झाले’ अशा शब्दांत होते. एकरूप झाले हे खरेच. पण याच भागाकडे व्यवस्थापनाच्या अंगाने पाहिले तर निराळी बाब ध्यानात येते. वाडीत लिहितावाचता येणारा माणूस एक. त्यामुळे लिहिण्यावाचण्याची सारी कामे त्या एकावर. शाळेने ही उणीव भरून काढावयाची, परंतु ती भरून निघेपर्यंत शाळेचा वेळ त्या उणिवेच्या पोटातच जातो. एकशिक्षकी शाळेची ही कायमची कोंडी आहे, आणि ती आजही सर्वस्वी सुटलेली नाही.

तालमीच्या प्रकरणाचा येथे विशेष विचार केला पाहिजे. गावात तालीम असावी ही कल्पना मास्तरांची; पण ती उभी राहते गावाच्या अंगमेहनतीने. ज्या वाडीने शाळेत पोरे पाठविण्यास इतके आढेवेढे घेतले, तीच वाडी तालमीसाठी राबते. याचे कारण शोधले पाहिजे. तालीम ही वाडीला कळणारी वस्तू आहे. अंगातील ताकद ही मेंढक्याच्या जगण्यात रोज लागणारी चीज आहे. तिचे मोल कोणी समजावून द्यावे लागत नाही. दुसरे असे, की शाळा सरकारने दिलेली होती, तालीम गावाने केलेली आहे. दिलेल्या वस्तूची राखण देणाऱ्याने करावी असे माणसाला वाटते. केलेल्या वस्तूची राखण तो स्वतः करतो. स्थानिक व्यवस्थापनाविषयीचे कित्येक शासकीय ग्रंथ जे सांगू पाहतात ते या प्रकरणात एका घटनेने सांगून टाकले आहे.

तालमीच्या उद्घाटनास संस्थानचे राजे येतात. हा प्रसंग वाडीच्या दृष्टीने मोठ्या आनंदाचा आहे, आणि माडगूळकरांनी तो तशाच आनंदाने लिहिला आहे. तरी चिकित्सक वाचकाला त्यात एक गोष्ट टोचल्याशिवाय राहत नाही. राज्यसत्ता वाडीत येते ती पाहुणी म्हणून. कौतुक करून ती निघून जाते. पुढे पाऊस फिरतो तेव्हा हीच सत्ता वाडीच्या शाळेला कोणत्या रूपाने भेटते? मदतीच्या रूपाने नव्हे. मुले नाहीत या नोंदीच्या रूपाने.

कादंबरीतील संस्थान औंधचे, हे सर्वश्रुत आहे. औंधचा इतिहास या संदर्भात लक्षणीय ठरतो. जानेवारी १९३९ मध्ये औंध संस्थानात गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना जाहीर झाली. तिच्या घडणीत अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांचा मोठा वाटा होता. ग्रामपंचायत हा राज्यकारभाराचा पाया धरून रचलेली ही घटना त्या काळात फार धाडसाची होती. ती संस्थानाबरोबरच लयाला गेली. १९४८ मध्ये औंधचे विलीनीकरण झाले. कादंबरीवर या घटनेचा भार लादण्याचे कारण नाही. पण ज्या मुलखात खेड्याच्या हाती कारभार देण्याचा प्रयोग झाला, त्याच मुलखातील एका वाडीची शाळा गावाच्या हाती काहीही नसल्यामुळे बंद पडते, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे.

४

कादंबरीचा शेवटचा भाग दुष्काळाचा आहे. पाऊस पडत नाही, चारा संपतो, मेंढरे मरू लागतात, आणि एकेक कुटुंब जगण्यासाठी वाडी सोडून जाते. हा भाग मराठी कादंबरीतील अत्यंत परिणामकारक भागांपैकी एक मानला जातो, आणि तो परिणाम साधला आहे तो आक्रोश टाळल्यामुळे. माडगूळकर फक्त घरे रिकामी होताना दाखवितात. शाळाही त्याच क्रमाने रिकामी होते.

येथे नेमका प्रश्न असा, की दुष्काळात शाळा का मोडली? दुष्काळामुळे, हे उत्तर उघड आहे. पण ते उत्तर नव्हे. दुष्काळाने शेती मोडली, मेंढपाळी मोडली, हे समजण्यासारखे आहे. शेतीला पाणी लागते, मेंढराला चारा लागतो. शिकण्याला यांपैकी काहीच लागत नाही. लागते ते एक शिकविणारे माणूस, शिकणारी मुले, आणि दोघांना एकत्र आणणारी व्यवस्था. मास्तर होते, मुले होती. ती जिवंत होती, कोठेतरी होती. तुटली ती व्यवस्था. ती तीन बंधनांनी जखडलेली होती म्हणून तुटली.

पहिले बंधन जागेचे. शाळा म्हणजे अमुक वाडीतील अमुक जागा, ही सरकारी व्याख्या. मुले तेथून हलली की सरकारच्या लेखी शाळा संपली. मुले जेथे गेली तेथे त्यांची शाळा जाऊ शकेल, ही कल्पनाच व्यवस्थेत नव्हती. दुसरे बंधन काळाचे. शाळेचे वर्ष आणि सुट्ट्या वरून ठरलेल्या. मेंढपाळाचे वर्ष पावसाने ठरलेले. या दोन वर्षांचा मेळ घालण्याचा अधिकार ना मास्तरांना, ना कारभाऱ्याला. तिसरे बंधन व्यक्तीचे. सबंध शाळा एका मास्तरात साठविलेली होती. त्यांनी वर्षभरात काय शिकविले, कोणते मूल कोठपर्यंत आले, हे त्यांच्यावाचून कोणाला ठाऊक नव्हते. मास्तर वाडीतून गेले तेव्हा शाळेची स्मृतीच त्यांच्याबरोबर गेली.

शोकान्त कादंबरीच्या शेवटी वाचकाला ‘हे अटळ होते’ असे वाटावे, अशी एक रूढ अपेक्षा आहे. ‘बनगरवाडी’तील वाडीचे उठणे अटळ वाटते. शाळेचे उठणे तसे वाटत नाही, निदान वाटू नये. निसर्गाने केलेले आणि व्यवस्थेच्या उणिवेने झालेले, हे दोन नाश कादंबरीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. कलाकृती म्हणून त्या मिसळण्याने तिची एकात्मता वाढली असेल. परंतु वाचकाने ते दोन्ही वेगळे करून पाहणे अवश्य आहे. तसे न केल्यास दुष्काळाच्या माथी अशी एक गोष्ट मारली जाते, जी माणसांनी ठरविली असती तर टळली असती.

५

आता प्रश्न असा, की कादंबरीनंतरच्या काळात ही तीन बंधने सुटली काय? त्यासाठी कायद्यांकडे वळले पाहिजे.

मुंबई इलाख्यापुरते बोलावयाचे तर १९२३ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपविला होता. अनुभव फारसा समाधानकारक नाही असे म्हणून १९३८ च्या दुरुस्तीने सरकारने लगाम पुन्हा पुष्कळसा आपल्या हाती घेतला, आणि १९४७ च्या अधिनियमाने जिल्हा स्कूल बोर्डांची व्यवस्था स्थिर केली. पुढे महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ आला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कारभार पाहू लागल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. घटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने, १९९२ साली, पंचायतींकडे सोपविण्याजोग्या विषयांच्या अनुसूचीत शिक्षणाचाही समावेश केला. हा सारा प्रवास पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. सत्ता मुंबईहून जिल्ह्यापर्यंत आली, तालुक्यापर्यंतही आली. वाडीच्या वेशीपाशी येऊन ती थबकली.

वेस ओलांडण्याचा प्रयत्न २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने केला. १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आला. त्याच्या एकविसाव्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक शाळेस शाळा व्यवस्थापन समिती असावी असे ठरविले. तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणात स्थान असावे, आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. ‘बनगरवाडी’ समोर ठेवून हे कलम वाचले असता त्याचे थोरपण नीट कळते. एका कारभाऱ्याच्या जागी येथे आईबापांची समिती आली. जिचा शब्द वाडीच्या बैठकीत कधी विचारला गेला नसता त्या बाईलाही येथे जागा मिळाली. गावाची संमती आणि बलवानाची मर्जी यांच्यात भेद करण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न आहे, आणि त्याचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे.

पण समितीने करावयाचे काय? कायदा सांगतो : शाळेच्या कामावर देखरेख ठेवावी, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करावी, मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवावे. या क्रियापदांकडे बारकाईने पाहावे. देखरेख, शिफारस, लक्ष. ‘ठरवावे’ हे क्रियापद त्यात नाही. वर्षाचे वेळापत्रक ठरविण्याचे काम नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे व्यवहारात जिल्ह्याकडे, ठेवले आहे. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारीही तिकडेच आहे. बाविसाव्या कलमाने आराखडा हा अनुदानाचा आधार असावा असे म्हटले आहे खरे. परंतु केंद्राच्या २०१० च्या नियमांनी या आराखड्याचा जो तपशील दिला आहे तो मुख्यतः अपेक्षित पट, शिक्षकांची संख्या, खोल्या व साधने, आणि पैसा यांचा आहे. वर्षाच्या मध्यावर निम्मा पट गाव सोडून गेला तर काय करावे, शाळेचे दार महिनोन्महिने बंद ठेवावे लागले तर मुलांचे शिकणे कोणी व कसे चालू ठेवावे, याला त्या आराखड्यात घर नाही.

सत्ताविसावे कलम तर या दृष्टीने फारच बोलके आहे. शिक्षकाला शिक्षणेतर कामास जुंपू नये असे ते म्हणते, आणि तीन अपवाद सांगते : जनगणना, निवडणुका, आणि आपत्तिनिवारण. म्हणजे आपत्तीचा उल्लेख या कलमात आहे, पण तो शिक्षकाला वर्गातून बाहेर काढण्यापुरता. पूर आला, साथ आली, तर शिक्षक इतर कामांना उपयोगी पडतो, हे कायद्याने ओळखले. त्याच दिवसांत मुलालाही तो हवा असतो, याचा मात्र या कलमाला विसर पडला. साथीच्या काळात सर्वेक्षणाच्या आणि नाकाबंदीच्या कामांवर शिक्षक गेले. त्यांनी ते काम केले व त्याची गरजही होती. परंतु शाळेची स्वतःची आपत्कालीन योजना म्हणून काहीच नसल्यामुळे, राहिलेले शिकविणे ज्याच्या त्याच्या उमेदीवर सोडले गेले.

६

ती उमेद काही ठिकाणी विलक्षण होती. कोठे शिक्षकांनी ओट्यांवर आणि झाडांखाली चारचार मुलांचे गट बसविले. कोठे ध्वनिक्षेपक लावून गल्लोगल्ली पाठ ऐकविले. कोठे गावातल्या शिकलेल्या मुलामुलींनी धाकट्यांना शिकविले. हे सारे करणाऱ्यांत एक साम्य आढळते. भ्रमणध्वनीवरील पाठांची वाट न पाहता त्यांनी गावातील माणसांची मोजदाद केली. परंतु या उपक्रमांची कीर्ती वाचताना ‘बनगरवाडी’ विसरता येत नाही. तेथेही एका मास्तराच्या उमेदीवर शाळा उभी होती. उमेद ही व्यवस्थेची जागा घेऊ लागली म्हणजे व्यवस्थेची लाज झाकली जाते, आणि ज्या गावात असा मास्तर नसतो त्या गावाची मुले मुकाट्याने मागे राहतात.

करोनाची साथ अपवाद म्हणून सोडून दिली, तरी दरवर्षी येणारी आपत्ती उरतेच. बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. धनगरांचे वाडे मेंढरांसह उतरणीच्या मुलखात जातात ते पावसाळ्याच्या बेताला माघारी वळतात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. म्हणजे वर्षाचा ऐन मधला भाग या मुलांच्या वाट्याला येत नाही. यावर साखरशाळा निघाल्या, आजीआजोबांपाशी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आली, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना उपयोगी पडावे म्हणून शिक्षण हमी कार्डही आले. कादंबरीत जे जागेचे बंधन दिसते ते सैल करण्याचे हे प्रयत्न आहेत. त्यांचे मोल कमी लेखू नये. तथापि हे उपाय ज्यांच्या मुलांसाठी आहेत त्यांना ते केव्हा सुरू होणार हे ठरविता येत नाही. मंजुरी वरून यावयाची असते, आणि टोळी मुकादमाने ठरविलेल्या दिवशी निघते. मंजुरी मागाहून आली तर मूल आधीच फडात पोचलेले असते.

याच काळात लहान शाळांविषयीचा विचार उलट दिशेने चाललेला दिसतो. दहापेक्षा कमी पट असलेल्या शाळा जवळच्या शाळेत मिळविण्याचा निर्णय २०१७ च्या अखेरीस झाला. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा कराव्यात असा प्रस्ताव २०२३ मध्ये पुढे आला. त्यामागे युक्तिवाद नाही असे नव्हे. चार मुलांच्या शाळेत सोबतीचे शिक्षण होत नाही, खेळ होत नाही, दोन शिक्षकांचा वेळ वाया जातो, हे म्हणणे खोडून काढण्याजोगे नाही. शाळांनी परस्परांस साहाय्य करावे म्हणून शाळासंकुलाची कल्पना कोठारी आयोगानेही १९६४–६६ मध्ये मांडली होती. पण साहाय्यासाठी जोडणे वेगळे आणि मोजून मिटविणे वेगळे. पट हे शाळेच्या आरोग्याचे एक लक्षण आहे. तो तिच्या अस्तित्वाचा निकष नव्हे. केवळ पटावर निकाल द्यावयाचा तर बनगरवाडीची शाळा मास्तर वाडीत आले त्याच दिवशी बंद करावी लागली असती. त्या दिवशी पट शून्य होता. तो वाढला, कारण शाळा बंद झाली नाही.

७

स्थानिक व्यवस्थापनाचा विचार करणारे बहुतेक लेखन ‘लोकसहभाग वाढावा’ या वाक्यापाशी येऊन थांबते. ‘बनगरवाडी’ त्यापुढे जावयास लावते. सहभाग वाडीने दिला होता. तालीम तिच्याच घामावर उभी राहिली. उणीव सहभागाची नव्हती, निर्णयाच्या अधिकाराची होती. त्यामुळे आज शाळा व्यवस्थापन समितीचे परीक्षण करताना तिच्या बैठका किती झाल्या, इतिवृत्ते पूर्ण आहेत काय, एवढेच विचारून भागणार नाही. पाऊस फिरला त्या दिवशी ही समिती काय ठरवू शकते, हा खरा प्रश्न आहे.

त्या दृष्टीने चार अधिकार तिच्यापाशी असणे अगत्याचे वाटते. वर्षाच्या एकूण दिवसांना धक्का न लावता सुट्ट्या आणि शाळेची वेळ गावाच्या धंद्याप्रमाणे पुढेमागे करण्याचा अधिकार. संकटाच्या वेळी वरच्या मंजुरीची वाट न पाहता खर्च करता येईल अशी छोटी, हिशेबाला बांधलेली रक्कम. मास्तर आजारी पडले, बदलून गेले किंवा अन्य कामावर गेले असता वर्ग सांभाळील असे गावातीलच एक शिकलेले माणूस आधीपासून तयार ठेवण्याचा अधिकार. आणि कोणते मूल काय शिकले याची अशी नोंद, जी शिक्षकाच्या स्मरणात न राहता मुलाबरोबर प्रवास करील आणि जी पुढच्या गावच्या शिक्षकाला वाचता येईल. यांपैकी एकही मागणी फार खर्चाची नाही. प्रत्येकीत मात्र वरच्या अधिकाऱ्याने आपला थोडा अधिकार सोडावा लागतो. आणि अडचण तेथेच आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल. गावाच्या हाती अधिकार दिला तर तो गावातील बलिष्ठांच्या हाती जाईल. ऊसतोड करणारा आणि मेंढके हे बैठकीच्या दिवशी गावातच नसतात, तेव्हा त्यांच्या मुलांचा निर्णय घरी राहिलेले लोक करतील. हा आक्षेप वजनदार आहे, आणि १९२३ नंतरच्या अनुभवाने तो अधिकच वजनदार होतो. त्याला उत्तर म्हणून अधिकार काढून घेणे हा उपाय १९३८ मध्ये झाला. पण त्याने शाळा गावाची झाली नाही, फक्त कचेरीची झाली. दुसरा उपाय समितीच्या रचनेकडे लक्ष देण्याचा आहे : जी कुटुंबे गाव सोडून जातात त्यांना प्रतिनिधित्व असावे, आणि वर्षाचा निर्णय ती गावात असताना, म्हणजे पावसाळ्यात, घेतला जावा. देखरेखीचे काम मात्र अशा वेळी वरच्या संस्थेनेच केले पाहिजे. जिल्ह्याने देखरेख करावी आणि गावाने ठरवावे. आजची रीत नेमकी उलट आहे.

शेवटी कादंबरीच्या एका उणिवेचाही निर्देश करणे प्राप्त आहे. ‘बनगरवाडी’त शाळा आहे, मास्तर आहेत, पालक आहेत, मुले मात्र शिकताना फारशी दिसत नाहीत. पाटीवर पहिले अक्षर उमटल्यावर धनगराच्या पोराला काय वाटले, दुष्काळात वाडी सोडताना त्या अक्षरांचे त्याच्यापाशी काय उरले, हे कादंबरी सांगत नाही. निवेदक मास्तर असल्यामुळे ही मर्यादा स्वाभाविक आहे. पण ती केवळ या कादंबरीची मर्यादा नव्हे. समित्या, अधिनियम, आराखडे आणि अहवाल, सर्वांची तीच आहे. शाळा टिकली की नाही हे आपण इमारतीवरून आणि पटावरून ओळखतो. वाडीतून बाहेर पडलेल्या मुलाबरोबर ती किती अंतर चालत गेली, यावरून तिचे मोजमाप अद्याप व्हावयाचे आहे.